काळ्या शाईतील फिर्याद

जे चित्र वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे लहानसे संपुट सिद्ध केले आहे, ते १९४२ साली मेक्सिको शहरात लिनोलियमच्या एका तुकड्यावर कोरले गेले. आणि ज्या घटनेची ते साक्ष देते, ती घटना त्या वेळी महासागरापलीकडे युरोपात रात्रंदिवस घडतच होती. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी, कारण युद्धाविषयीची पुष्कळशी थोर चित्रे युद्ध संपल्यावर, धूर विरल्यावर आणि मेलेल्यांची मोजदाद झाल्यावरच लोकांच्या दृष्टीस पडली आहेत. नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये जो हाहाकार माजवला त्यावर गोयाने कोरलेली ताम्रमुद्रांची मालिका १८६३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, प्रसिद्ध झाली. लिओपोल्दो मेंदेस या मेक्सिकन चित्रकाराचे 'मृत्यूकडे हद्दपारी' हे मुद्राचित्र मात्र गुन्हा चालू असतानाच गुदरलेली फिर्याद आहे. नाझी छावण्यांची जी छायाचित्रे पाहून जग हादरले, ती बहुतेक १९४५ साली, छावण्या मुक्त होऊ लागल्यानंतर, घरोघर पोहोचली. त्याआधी सुमारे तीन वर्षे, ज्यूंना छावण्यांकडे नेणारी मालगाडी ज्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती अशा एका माणसाने, हाती आलेल्या वृत्तांवरून व आपल्या अंतःकरणावरून ती गाडी कोरून ठेवली होती.

चित्रात रात्र आहे. मालगाडीच्या डब्याचे रुंद दार उघडे आहे आणि आत माणसे कोंबलेली आहेत, इतकी की एकाचे शरीर कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते ते सांगता येऊ नये. बाहेर गणवेशधारी सैनिक आहेत. कंदिलाचा उजेड डब्याच्या तोंडाशी पडला आहे, आणि भोवतालचा सारा काळोख त्या उजेडाला चहूबाजूंनी दाबून धरतो आहे. रक्त कोठेही दिसत नाही. प्रेत नाही, स्फोट नाही, उगारलेले खड्ग नाही. युद्धचित्र म्हटले की ज्या सामग्रीची आपण अपेक्षा करतो त्यांपैकी जवळजवळ काहीच येथे नाही. गोदामात माल मोजून घेणाऱ्या कारकुनाच्या शांतपणाने येथे माणसे चढवली जात आहेत, आणि या चित्राची सारी भीषणता त्या शांतपणात आहे असे माझे मत आहे. त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. आधी हा चित्रकार कोण हे सांगितले पाहिजे, कारण मराठी वाचकाला दिएगो रिवेराचे नाव ऐकून माहीत असते, फ्रीदा काहलोचे तर अलीकडे फारच परिचयाचे झाले आहे, परंतु मेंदेसचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

मेंदेसचा जन्म ३० जून १९०२ रोजी मेक्सिको शहरात झाला. वडील जोडे बनविण्याचा धंदा करीत. आई तो अगदी लहान असतानाच वारली. १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला आणि या मुलाचे सारे बालपण बंदुकांच्या आवाजात, बदलत्या अंमलांखाली व रिकाम्या बाजारपेठांतून गेले. सान कार्लोसच्या जुन्या कला-अकादमीत त्याने शिक्षण घेतले, नंतर उघड्या मैदानात भरणाऱ्या चित्रशाळेत तो गेला, आणि विसाव्या वर्षाच्या आगेमागे 'एस्त्रिदेन्तिस्मो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण कवी-चित्रकारांच्या टोळीत सामील झाला. मानुएल माप्लेस आर्से या कवीने १९२१ साली या पंथाचा जाहीरनामा छापून शहराच्या भिंतींवर चिकटवला होता. यंत्रे, विजेच्या तारा, कारखान्यांचे भोंगे आणि रस्त्यावरचा गलबला हाच नव्या युगाचा काव्यविषय, असे या मंडळींचे म्हणणे होते. तारुण्यातले पुष्कळसे बंड काही वर्षांत सौम्य होते किंवा नोकरीत विरून जाते. मेंदेसच्या बाबतीत उलट झाले. गोंगाटाची हौस ओसरली, आणि भिंतीवर कागद चिकटवण्याची सवय मात्र जन्मभर राहिली.

त्या काळी मेक्सिकोत कीर्तीचा राजमार्ग भिंतींवरूनच जात होता, पण त्या भिंती सरकारी होत्या. क्रांतीनंतरच्या राजवटीने रिवेरा, ओरोस्को व सिकेरोस यांना मंत्रालयांच्या, विद्यालयांच्या आणि राजवाड्यांच्या भव्य भिंती मोकळ्या करून दिल्या व त्यांनी त्यांवर आपला इतिहास चितारला. हे काम असामान्य होते याविषयी दुमत नाही. तथापि भिंत जागची हलत नाही; ती पाहायला माणसाने राजधानीत यावे लागते, आणि भिंतीचा मालक अखेर जो कोणी सत्तेवर असेल तोच असतो. मेंदेसने कागद निवडला. कागद हा खेड्यात जातो, कारखान्याच्या फाटकावर जातो, चोरून नेता येतो, जप्त झाला तर पुन्हा छापता येतो. त्याच्या बंडखोरीचे मर्म मला या निवडीत दिसते: ज्या काळात चित्रकार सनदी होऊ शकत होता, त्या काळात त्याने आपले चित्र कोणाच्याही मालकीचे राहू नये अशी व्यवस्था केली.

या मार्गावर त्याच्या आधी एक पूर्वज चालून गेला होता. होसे ग्वादालूपे पोसादा हा १८५२ साली आग्वासकालिएंतेस येथे जन्मलेला छापखान्यातला कारागीर. आंतोनिओ व्हानेगास आरोयो या प्रकाशकासाठी त्याने आयुष्यभर पैशा-दोन पैशांची पत्रके, आरत्या, खुनांच्या बातम्या आणि मृतांच्या सणासाठी हसणारे सांगाडे कोरले, आणि १९१३ साली तो दारिद्र्यात मरण पावला तेव्हा त्याला कोणी चित्रकार म्हणतही नव्हते. मेंदेसने त्याला गुरुस्थानी मानले व पुढे त्याच्या सन्मानार्थ एक सुंदर मुद्राचित्र कोरले, ज्यात पोसादा आपल्या कामाच्या मेजापाशी बसून खिडकीबाहेर रस्त्यावर चाललेला जुलूम पाहत आहे. स्वस्त छापील चित्राची ही परंपरा आपल्याला परकी वाटू नये. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली, आणि मुळशीपासून डोंगराआड असलेल्या मळवलीस राजा रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना चालत होता. त्या छापील चित्रांनी देव आणि पुराणपुरुष गोरगरिबांच्या भिंतीवर आणून बसवले. फरक विषयाचा होता. आपल्या छापखान्यांनी घराघरांत पूजेची चित्रे पोहोचवली; पोसादाने व मेंदेसने तक्रारीची पोहोचवली.

१९३७ साली मेंदेसने पाब्लो ओ'हिगिन्स आणि लुईस अरेनाल यांच्या साहाय्याने 'ताल्येर दे ग्राफिका पोपुलार' ही लोकमुद्रणाची कार्यशाळा स्थापन केली, आणि या कार्यशाळेविषयी थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण विसाव्या शतकातील कलेच्या इतिहासात इतकी शिस्तबद्ध बंडखोरी क्वचितच पाहायला मिळते. येथे कोणी एकटा चित्रकार नव्हता. ठराविक दिवशी सभासद जमत. कोणा संघटनेची, शिक्षकांची वा शेतकऱ्यांची मागणी आलेली असे. त्यावर प्रत्येकाने काढलेली रेखाटने सर्वांसमोर मांडली जात, आणि मग टीका होई, ती नावाजलेल्यावरही होई व नवख्यावरही होई, चित्र सुधारले जाई, कधी बाद होई, आणि तयार झालेली भित्तिपत्रे पातळ रंगीत कागदावर छापून रातोरात शहरभर चिकटवली जात. त्यांच्याकडे एक जुने शिळाछाप यंत्र होते; १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये ते वापरले गेले होते अशी आख्यायिका सभासद अभिमानाने सांगत. स्पेनमधील प्रजासत्ताकाचा पाडाव, खेड्यांतील शिक्षकांच्या हत्या, तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा लढा, धान्याचा काळाबाजार, निवडणुकीतील लबाडी, असा कोणताही विषय त्यांनी वर्ज्य मानला नाही. १९३९ साली मेंदेसने धर्मवेड्यांच्या हातून मारल्या गेलेल्या ग्रामीण शिक्षकांवर सात शिळाछापांची मालिका काढली. १९४७ साली या साऱ्या मंडळींनी मिळून मेक्सिकन क्रांतीची पंच्याऐंशी मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. या मंडळींत एलिझाबेथ कॅटलेट ही अमेरिकेतून आलेली कृष्णवर्णी कलावती होती, युरोपातून परागंदा झालेले होते, आणि कोणाही मोठ्या गुरूच्या तालमीत न घडलेली मुलेही होती.

लिनोलियम हे या कार्यशाळेचे आवडते साहित्य. जवसाचे तेल, बुचाचा चुरा आणि पाठीमागे तागाचे कापड, यांपासून फरशी झाकण्यासाठी केलेला तो चादरीसारखा पदार्थ. लाकडापेक्षा मऊ, दगडापेक्षा हलका, आणि मुख्य म्हणजे स्वस्त. कोरणीने जो भाग काढून टाकावा तो कागदावर पांढरा उमटतो. जो ठेवावा त्यावर रुळाने शाई बसते व तो काळा उमटतो. म्हणजे या माध्यमात चित्रकार काळोखापासून आरंभ करतो आणि एकेक रेघ खणून उजेड आत आणतो. मेंदेसच्या हातात ही किमया विलक्षण होती: त्याच्या कोरणीच्या बारीक पांढऱ्या रेघा कधी पावसाच्या सरींसारख्या पडतात, आणि रात्रीचा विषय त्याने वारंवार का घेतला असावा हे त्या रेघा पाहिल्यावर समजते.

आता १९४२ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मन पाणबुड्यांनी मेक्सिकोची तेलवाहू जहाजे बुडवली आणि मेक्सिको दोस्तांच्या बाजूने युद्धात उतरला. परंतु नाझी अत्याचारांचा पत्ता मेक्सिकोला त्याआधीच लागला होता, तो निर्वासितांमुळे. अध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या कारकीर्दीत स्पेनमधून पराभूत प्रजासत्ताकवाद्यांचे तांडे तेथे आले. मार्सेय येथील मेक्सिकन वाणिज्यदूत हिल्बेर्तो बोस्केस यांनी हजारो लोकांना प्रवेशपत्रे देऊन मृत्यूच्या तोंडातून सोडवले, आणि पुढे जर्मनांनी त्यांना कुटुंबासह स्थानबद्ध केले. या मार्गाने जर्मन भाषेतले कितीतरी लेखक मेक्सिको शहरात येऊन पोहोचले. कादंबरीकार आना झेगर्स त्यांच्यात होत्या. या परागंदा मंडळींनी तेथे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, आणि १९४३ साली युरोपातील नाझी दहशतीचा 'काळा ग्रंथ', 'एल लिब्रो नेग्रो', स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध केला. बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे एकेकाळचे संचालक व स्विस वास्तुविशारद हानेस मायर, जे त्या सुमारास कार्यशाळेशी निगडित होते, त्यांनी त्याची चित्ररचना सांभाळली. मेंदेसचे प्रस्तुत चित्र त्या ग्रंथात आले. डिसेंबर १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांनी ज्यूंच्या पद्धतशीर संहाराविषयी संयुक्त निवेदन केले खरे, पण राजनैतिक निवेदनाची भाषा आणि कोरलेल्या चेहऱ्यांची भाषा यांत अंतर असते. ज्यू जनतेच्या हद्दपारीचे चित्र छावणीबाहेरच्या ज्या चित्रकारांनी जगात सर्वप्रथम काढले, त्यांत मेंदेसची गणना होते.

पुन्हा चित्राकडे येतो. कंदिलाविषयी मी जे म्हणालो ते वाचकाने ताडून पाहावे. पाश्चात्य धर्मचित्रांत प्रकाश हा बहुधा देवाकडचा असतो. आपल्या लघुचित्रांत तो सर्वत्र सारखा पसरलेला असतो. येथे प्रकाश पहारेकऱ्याचा आहे. डब्यातली माणसे दिसतात ती पहारेकऱ्याच्या कृपेने, आणि म्हणून पाहणारा, म्हणजे तुम्ही आणि मी, नकळत फलाटावर, गणवेशाच्या बाजूला उभे राहून आत बघतो. चित्रकाराने आपल्याला डब्यात बसवले असते तर दया उत्पन्न झाली असती. त्याने आपल्याला बाहेर उभे केले आणि जबाबदारी उत्पन्न केली. हे योजनापूर्वक झाले की हाताच्या अंतःप्रेरणेने झाले, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. कितीही वेळा पाहिले तरी पाय त्या फलाटावरून निघत नाहीत, एवढे खरे.

आणि ती शांतता. गाडी वेळेवर सुटायची असते, दाराला खीळ लागायची असते, कोणाच्या तरी दप्तरात संख्येची नोंद व्हायची असते. आधुनिक युद्धाने माणसाला मारण्याचे काम शूरांकडून काढून अंमलदारांकडे दिले, ही गोष्ट १९४२ साली फारच थोड्यांना उमगली होती. मेंदेसला ती रेल्वेच्या डब्यात दिसली. म्हणूनच ज्या चित्रात एकही गोळी सुटत नाही त्याला मी युद्धविरोधी चित्र म्हणतो. कोणी असा आक्षेप घेईल की मेंदेस हा हिटलरविरोधी युद्धाचा पुरस्कर्ता होता, त्याची कार्यशाळा विजयासाठी भित्तिपत्रे छापत होती, मग त्याला युद्धविरोधी म्हणणे कसे रास्त? आक्षेप खरा आहे. परंतु ज्यांनी शस्त्र उचललेलेच नाही अशांवर चाललेले युद्ध, जे प्रत्येक युद्धाच्या आवरणाखाली चालते, त्याच्या विरुद्ध हे चित्र आहे, आणि त्या युद्धाच्या विरोधात कोणाही विवेकी माणसाने कोणत्याही बाजूला असताना उभे राहिले पाहिजे.

येथे मला एक कटू गोष्ट नमूद करणे भाग आहे. मालगाड्या एकाच सत्तेने भरल्या नाहीत. १९४० व १९४१ साली पूर्व पोलंडमधून सोव्हिएत अंमलदारांनी लाखो पोलिश नागरिकांना अशाच डब्यांतून सैबेरिया व मध्य आशियाकडे नेले. त्यांतून जे वाचले त्यांचे काही तांडे इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिली. त्याच लोकांपैकी कित्येकांना मेक्सिकोने ग्वानाह्वातो प्रांतात सांता रोसा येथे आसरा दिला. म्हणजे पंचगंगेच्या काठी आणि मेंदेसच्या स्वदेशात, एकाच वेळी, त्या दुसऱ्या गाड्यांतून उतरलेली मुले शाळेत जात होती. मेंदेसने ती दुसरी गाडी कोरली नाही. तो साम्यवादी होता, त्या पक्षाची निष्ठा व त्या निष्ठेची आंधळी बाजू दोन्ही त्याच्या पिढीच्या वाट्याला आल्या होत्या. १९४० च्या मे महिन्यात सिकेरोसच्या नेतृत्वाखाली, सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या ट्रॉट्स्कीच्या घरावर जो सशस्त्र हल्ला झाला, त्यात या कार्यशाळेचे काही सभासद सामील होते. हे दडवून ठेवणारा चरित्रकार मेंदेसचे भले करीत नाही. एक गाडी ज्याला इतक्या स्पष्टपणे दिसली त्याला दुसरी दिसली नाही, याचे दुःख वाटते. पण म्हणून पहिल्या गाडीची साक्ष खोटी ठरत नाही, आणि चित्राचे सामर्थ्य असे की वळिवड्याच्या एखाद्या पोलिश आजीने ते पाहिले असते तर तिला तो डबा आपलाच वाटला असता. १९४७ साली ज्यांनी पंजाबच्या आगगाड्या पाहिल्या त्यांनाही तो परका वाटणार नाही.

१९५२ साली मेंदेसला जागतिक शांतता परिषदेचा आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला. पुढे कार्यशाळेत मतभेद झाले, तो तेथून बाहेर पडला, मेक्सिकन कलेवरचे मोठे ग्रंथ काढण्याच्या कामाला लागला, आणि ८ फेब्रुवारी १९६९ रोजी त्याचा मृत्यू झाला. ज्या शांतता-चळवळीने त्याचा गौरव केला, तिच्याच परिषदेचे एक सदस्य पुण्यात, भांडारकर संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते: दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने अणुबाँबच्या विरोधात आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली.

मेक्सिकोशी आपला याहून जवळचा संबंध आहे, आणि तो बहुतेकांच्या विस्मृतीत गेला आहे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अमेरिकेत गदर पक्षाच्या उभारणीत होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन व मॉस्को पाहून १९२४ साली मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका व गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. रिवेरा त्यांचा स्नेही. शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवरील 'आपली भाकर' या चित्रात भोवती बसलेल्या माणसांमध्ये भाकर मोडणारी जी व्यक्ती आहे, तिला खानखोज्यांचा चेहरा दिलेला आहे. टीना मोदोती या इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकर्तीने मक्याच्या कणसांबरोबर त्यांची छायाचित्रे घेतली. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास वारले. ज्या वर्षांत मेंदेस हलापा आणि मेक्सिको शहरात कोरणी चालवायला शिकत होता, त्याच वर्षांत एक वऱ्हाडी-मराठी बोलणारा बंडखोर त्याच देशाच्या शेतात बियाणे निवडत होता. ज्याने आयुष्याचा पूर्वार्ध बंदुकीवर खर्च केला त्याने उत्तरार्ध कणसावर खर्च करावा, याहून सच्ची युद्धविरोधी कैफियत मला माहीत नाही.

आणि मुंबईत चित्तप्रसाद होते. जन्माने बंगाली, पण १९४६ पासून अंधेरीच्या एका खोलीत त्यांनी आपली तीसएक वर्षे काढली. १९४३ च्या दुष्काळावरील त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या होत्या. या खोलीत त्यांनी लिनोलियमवर नाविकांचे बंड कोरले, शांततेची आवाहने कोरली, ओझी वाहणारी आणि काम करणारी मुले कोरली. भारतीय लोकनाट्य संघाचे नगारावादकाचे प्रसिद्ध चिन्ह त्यांच्याच हातचे. साम्यवादी पक्षापासून ते दूर झाले, गरिबीत राहिले, शेजारच्या मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या करून नाचवल्या, आणि १९७८ साली कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. त्यांना मेंदेससारखी कार्यशाळा लाभली नाही. आठवड्याला भेटणारे, चित्र समोर ठेवून निर्दयपणे बोलणारे आणि रात्री खळ घेऊन बरोबर निघणारे सोबती लाभले असते तर त्यांच्या हातून काय झाले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे प्रतिभा होती, माध्यम होते, विषयांची तर कधीच वाण नव्हती. सभासद मात्र नव्हते. मुंबईच्या कलाजगताने, ज्याला लँगहॅमर, फॉन लायडन यांसारख्या नाझींपासून पळून आलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन मिळाले, तैलचित्राचा मार्ग धरला आणि त्यात मोठे यश मिळवले; लिनोलियम अंधेरीतच राहिले.

हे संपुट कासार आंबोलीहून का निघावे, असे काही स्नेह्यांनी विचारले. पौड रस्त्यावर पिरंगुट सोडले की येणारे हे गाव. भोवती कारखान्यांच्या पत्र्यांची छपरे वाढत चाललेली, आणि पलीकडे मुळशीचे धरण, ज्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सत्तेच्या हुकमाने माणसांना घरातून उचलले जाते तेव्हा काय होते, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. दुसरे कारण याहून अधिक माझ्या जिव्हाळ्याचे आहे. याच गावात महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून चालते. सकाळी कवायतीचे आवाज येतात, गणवेशातल्या मुली ताठ मानेने जाताना दिसतात आणि मन अभिमानाने भरून येते. अशा गावात युद्धविरोधी चित्र लावणे हा त्या मुलींचा अवमान होईल, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला कळकळीने सांगितले. मी त्यांचा आदर करतो, परंतु माझे मत अगदी उलट आहे. गणवेश घालणाऱ्याने हे चित्र इतर कोणाहीपेक्षा आधी पाहावे. कंदील धरणारा तो सैनिकही कोणत्या तरी शाळेत कवायत शिकला असेल. त्याला आज्ञापालन शिकवले गेले, आज्ञा तपासून पाहणे शिकवले गेले नाही. शस्त्र कोणासाठी उचलायचे आणि कोणत्या दाराची खीळ कधीही लावायची नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच खरा शिपाई. आणि झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या शाळेतील मुलींना हे समजणार नाही असे मानणे, हाच त्यांचा अवमान होय.

चित्राचा छापा मूळ आकाराहून थोडा लहान केला आहे. काळा रंग शक्य तितका गडद यावा म्हणून कागद जाड घेतला आहे, आणि चित्राचे पान या पुस्तिकेत मुद्दामच शिवलेले नाही, मोकळे ठेवले आहे. मेंदेसच्या कार्यशाळेतून निघालेले कागद काचेमागे राहण्यासाठी केलेले नव्हते. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे पान काढून घ्यावे आणि वाचनालयात, वर्गात, ग्रामपंचायतीच्या कचेरीत, कारखान्याच्या सूचनाफलकाशेजारी, जेथे चार माणसे थांबतात तेथे चिकटवावे. ऊन-पावसाने ते खराब झाले तर कळवावे, दुसरे पाठवू.

कासार आंबोली, तालुका मुळशी